हसून राहिली होती

“अम्माजी, ज़रा मुस्कुरा दीजिए,” कॅमेऱ्यामागून विष्णू फोटोवाला म्हणाला, आणि पायाखालची सतरंजी कोणी हळूच ओढावी तसं कलावतीला झालं, कारण ती हसतच होती. नुसती हसत नव्हती, भरपूर हसत होती. नातीचं साक्षगंध, समोर नागपूरहून आलेली मंडळी, पायलच्या शेजारी पांढऱ्या कुडत्यात अवघडून बसलेला अश्वजीत, आणि ऐन थंडीत त्याच्या कपाळावर आलेला घाम. तो घाम पाहूनच तिला हसू आलं होतं. पोरगा घाबरला म्हणजे पोरगा बरा, असा तिचा हिशेब. घरात होतं नव्हतं तेवढं हसू तिनं तोंडावर मांडून ठेवलं होतं आणि हा माणूस म्हणत होता, दुकान उघडा. “अम्माजी नाराज हैं क्या?” त्यानं गमतीनं विचारलं. आजूबाजूचे हसले. अश्वजीतची आई बेबीताई तेवढी हसली नाही. ती कलावतीकडे पाहत होती. नागपुरातल्या शाळेची मुख्याध्यापिका. खोटं बोलणाऱ्या पोराचं तोंड तिला फाटकातूनच कळतं, असा तिचा लौकिक पाहुण्यांनी आल्याआल्याच सांगून टाकला होता. कलावतीनं ओठांचे कोपरे आणखी ओढले. आतून जोर लावला, बाहेर काय पोचलं कोण जाणे. विष्णूनं कॅमेरा जरा खाली घेतला, पाहिलं, आणि “हाँ, बस, रहने दीजिए,” असं पडेल आवाजात म्हणून फोटो काढला. म्हणजे काहीतरी वाईटच दिसलं असणार. पदराआड तिनं बोटांनी स्वतःचा गाल चाचपला. गाल जागच्या जागी होता, पाट्यासारखा शांत. मग हसू निघालं तर होतं, ते वाटेत गेलं कुठं?

हसणं ही तिची एकेकाळची ओळख. जबलपुरात रांझीच्या कारखान्यात तिनं जन्म काढला तो माल तपासायच्या टेबलावर. गेजचं, म्हणजे मापाच्या दांडीचं, एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तेवढं झालं की माल पास. माणसंही ती तशीच तपासायची आणि मनातल्या मनात शिक्का मारून मोकळी व्हायची. मुलगा चंद्रशेखर, माल चांगला पण खडखड फार. प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर तोच देणार. सून हर्षा, पॉलिश इतकं की खालचा धातू कोणता ते लागत नाही. नात पायल, मराठी सगळं समजते आणि बोलते हिंदी, अजून कच्चा माल. कारखान्यात असे शिक्के मारताना कलावतीला हसू यायचं, आणि तिचं हसू मशीनच्या आवाजावरून पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जायचं. तिकडचा एक फिटर एकदा हातातला पाना तसाच घेऊन आला होता. “हे कोण हसून राहिलं?” त्यानं विचारलं. लहानू त्याचं नाव. विचारायला आला तो राहिलाच. लग्न झालं, घर झालं, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला तेव्हाही शेजारच्या बाया म्हणाल्या, कलावतीनं धीर सोडला नाही, चेहऱ्यावर दाखवलं नाही काही. दाखवलं नाही की दिसलं नाही, हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही. तिलाही नाही. हात कापायला लागला तेव्हा डॉक्टर, तपासण्या, आणि मग ते नाव. पार्किन्सन, म्हणजे कंपवात. घरात ते नाव कोणी घेत नसे. “ते” म्हणत. आईचं ते.

“ते” पाहुण्यांना कळू द्यायचं नाही, असं हर्षानं साक्षगंधाच्या आधीच ठरवलं होतं. पोरीच्या लग्नापर्यंत. गोळ्या बिस्किटांच्या डब्यात गेल्या, कोणी विचारलंच तर ताकदीच्या. हात पदराखाली. चालायचं कमी. “आई, तुम्ही फक्त बसून राहा, बाकी मी पाहते,” हर्षा म्हणाली होती आणि तिनं खरंच सगळं पाहिलं, फक्त दुपारची गोळी तेवढी पाहिली नाही. त्रिशरण पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, अंगठ्या झाल्या, फोटो झाले, जेवणं लांबली. डबा घरी राहिला होता. आणि ओळखीच्या पायरवानं ते यायला लागलं. आधी मानेत ताठरपणा, मग पायाचे तळवे जमिनीला चिकटल्यासारखे, आणि मग त्या दोघांच्या मागून, दरवाजा न वाजवता, ते तिसरं. त्याला कलावतीकडे एकच शब्द होता. कसंतरी. कसंतरी होते. पोटात नाही, छातीत नाही, डोक्यात नाही. सगळ्या अंगाच्या जरा बाहेर, हवेत. हॉलमधल्या माणसांचे आवाज मोठे झाले, पंगतीतली ताटं फार चकाकायला लागली, कोणीतरी काहीतरी भयंकर सांगायला येऊन राहिलं आहे आणि तो माणूस आता जिना चढून राहिला आहे असं तिला वाटलं. बेबीताई खव्याची जलेबी घेऊन शेजारी बसायला आली तेव्हाच नेमकी कलावती उठली आणि एक शब्द न बोलता आतल्या खोलीत गेली. जलेबी बेबीताईच्या हातात राहिली. कलावतीला ते सगळं दिसलं. हिशेब तिला मागं न वळताही कळत होता: न हसणारी आजी, पाहुणीच्या हातचं न खाणारी आजी, उठून जाणारी आजी. ती स्वतः टेबलावर असती तर हा माल तिनं केव्हाच बाजूला टाकला असता.

आठवडा व्हायच्या आत नागपूरहून मध्यस्थाचा फोन आला. अंगणात उन्हाला बसून कलावती पनागरच्या मटाराच्या शेंगा सोलत होती. डॉक्टर म्हणाले होते हाताला काम द्या, म्हणून तिला मटार दिले होते, आणि दाणे टोपल्यापेक्षा अंगणात जास्त जात होते. चंद्रशेखरनं फोन स्पीकरवर ठेवला, कारण एकट्यानं ऐकणं त्याच्या स्वभावात नाही. मध्यस्थ बराच वेळ थंडीबद्दल बोलला. मग म्हणाला, “बेबीताई विचारून राहिल्या का आजीले पोरगा पसंत नाही काय. नसन तर आत्ताच सांगा म्हणते. घरातल्या मोठ्या माणसाचं मन मोडून पोरगी आणायची नाही आपल्याले.” “अरे नहीं, भाऊ, ऐसी कोई बात नहीं,” चंद्रशेखर म्हणाला, “आई की तबीयत थोड़ी...” हर्षानं त्याच्याकडे पाहिलं. “...थोड़ी थकान थी,” त्यानं वाक्य बाजूला वळवलं. चंद्रशेखरनं फोन खिशात टाकला. मग हर्षा म्हणाली, “आई, थोडंसं हसल्या असत्या तर काय बिघडलं असतं.” आणि पायल, जी आतापर्यंत दारात उभी होती, ती आजीच्या समोर उकिडवी बसली. “आजी, सच बताओ. अश्वजीत अच्छा नहीं लगा ना?” तिचे डोळे भरले होते. कलावतीला त्या क्षणी इतकी माया दाटून आली की वाटलं आता तरी ती चेहऱ्यावर फुटेल, नळ फुटतो तशी. पायलनं आजीच्या तोंडाकडे पाहिलं, तिथं काही शोधलं, आणि मान खाली घालून उठून गेली.

त्यानंतरच्या दिवसांचा रंग उडाला. म्हणजे आधीही उडत होता, पण हळूहळू, धुतल्या कपड्यासारखा. आता एकदम उडालेला दिसायला लागला. मटार शिजत असताना घरभर पसरणारा वास तिच्यापर्यंत येईना. कारखान्याचा भोंगा व्हायचा, रस्त्यावरून मोटरसायकली सुटायच्या, आणि तिला वाटायचं हे सगळं काचेच्या पलीकडं चाललं आहे, काच पुसायला उठायचं आहे, पण कशासाठी. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार, परत उघडले. गंमत अशी की या सगळ्या दिवसांत तिचा चेहरा अगदी तोच होता, साक्षगंधात होता तोच, शेंगा सोलताना होता तोच. सुखात लोक म्हणाले ती रुसली आहे. आता ती खरोखर बुडत होती तर घरातले म्हणत होते, “चला, आई निवळल्या, शांत बसल्या आहेत.” दोन्हीकडून नापास. आणि दुपारी, गोळी उतरायच्या सुमाराला, ते जिना चढणारं पाऊल रोज यायला लागलं. ती म्हणायची, “चंदू, मले कसंतरी होऊन राहिलं.” पहिल्यांदा ती तसं म्हणाली होती तेव्हा तो तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता, आणि तिथं म्हणाला होता, “इनका जी मिचलाता है.” कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं उलटीची गोळी दिली. मोठ्या डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत हे त्यानं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. सांगायचं नाही हे घरात इतकं अंगवळणी पडलं होतं की डॉक्टरलाही सांगायचं नाही. ती गोळी खाल्ल्यापासून तिचे पाय जास्तच जड झाले, मान जास्तच ताठ, आणि कसंतरी होतं ते तसंच राहिलं. कलावतीला हळूहळू उमगलं ते एवढंच, की चंदूला तो शब्द माहीत नाही. तो रांझीत वाढला, शाळा हिंदी, ऑफिस हिंदी. आईचं मराठी त्याला कळतं ते भाजी, पाणी, ये, जा एवढ्यापुरतं. आणि तिची स्वतःची गोष्ट उलट. हिंदी तिला फाडफाड येते, सुपरवायझरशी भांडण्याइतकी येते. पण ती तिची कामाची भाषा. भीतीचे शब्द तिच्याकडे मराठीतलेच होते, आईकडून आलेले, आणि त्यांना हिंदीत कोणी कधी बोलावलंच नव्हतं.

तेव्हा तिनं ठरवलं. ठरवलं म्हणजे काही उभारी वगैरे आली नाही. उभारीची वाट पाहिली असती तर तिथंच बसून राहिली असती. चेहरा गेला ना, जाऊ दे. मग तोंडानं सांगावं लागेल. जे जे आत होईल ते शब्दांत काढून समोरच्यापुढं ठेवायचं, टेबलावर ठेवतात तसं, आणि ज्याला तपासायचं त्यानं तपासावं. “मोठ्या डॉक्टरीणबाईकडे चाल,” ती चंद्रशेखरला म्हणाली. “तारीख तो अगले महीने की है ना, आई.” “तारीख तिची आहे. बिमारी माझी आहे.”

डॉक्टर यामिनी जबलपूरच्याच, बोलणं मऊ, पेन मात्र भराभर चालणारं. त्यांनी विचारलं, “कैसी हैं, अम्माजी?” “ठीक हैं, बस जी मिचलाता है,” चंद्रशेखरनं सांगून टाकलं. कलावतीनं टेबलावर हात आपटला. जोरात आपटायचा होता. थरथरतच पडला, पण वाजला. “नहीं,” ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिनं थांबून श्वास घेतला आणि पुन्हा काढला. “जी नहीं मिचलाता. कसंतरी होता है.” डॉक्टरांचं पेन थांबलं. “कसंतरी क्या?” आता आली पंचाईत. कलावतीनं आतल्या हवेत हात घालून चाचपलं. “जैसे,” ती म्हणाली, “घर पे कोई आने वाला है. बुरी खबर ले के. सीढ़ी चढ़ रहा है. और आता नहीं. चढ़ता रहता है.” चंद्रशेखर आईकडे पाहत राहिला. एकही उत्तर तयार नसलेला चंद्रशेखर ती पहिल्यांदाच पाहत होती. “कब होता है ये?” “गोली उतरने लगती है तब. खा के थोड़ी देर बैठो, तो वो आदमी वापस चला जाता है.” “और बाकी समय?” कलावतीनं मुलाकडे वळून म्हटलं, “चंदू, तू बाहेर बस.” तो गेल्यावर तिनं सकाळच्या डोळे उघडण्याबद्दल सांगितलं. मरावंसं वाटतं असं नाही, पण सकाळ आली नाही तर तक्रार नाही, असं. रडून सांगायची गोष्ट होती. चेहऱ्यानं साथ दिली नाही म्हणून ती कोरडीच सांगितली गेली, एखाद्या मालाचा दोष सांगावा तशी. डॉक्टरांनी ती तशीच गंभीरपणे ऐकून घेतली. म्हणाल्या, “अम्माजी, ये आपका स्वभाव नहीं है. ये बीमारी ही है. हाथ में दिखती है तो सब मानते हैं, मन में होती है तो कोई नहीं मानता. दवा उतरती है तो अकेला हाथ नहीं काँपता, मन भी काँपता है.” मग त्यांनी विचारलं, और कौन सी गोलियाँ चल रही हैं, आणि उलटीच्या गोळीचं नाव ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आजपासून बंद. या आजारात ती हातपाय आणखी धरते. जुनी गोळी थोडी थोडी, दिवसात जास्त वेळा, जेवणाच्या आधी. मनासाठी एक वेगळी, तिला लागायला काही आठवडे. आपल्या मनानं कमी नाही, जास्त नाही, बंद तर मुळीच नाही. आणि पुन्हा लवकर या. कलावतीनं शेवटी एकच विचारलं. हे नातीत उतरतं का. डॉक्टर म्हणाल्या, “ज़्यादातर नहीं. आपके मायके में किसी को नहीं था ना? पर लिख के कोई नहीं देगा.” हे उत्तर कलावतीला आवडलं. टॉलरन्स, म्हणजे मापातल्या फरकाला सूट, न ठेवता दिलेली हमी तिनं आयुष्यात कधी पास केली नव्हती.

बेबीताई आली ती सांगून आली, पण एकटी आली. जबलपुरातच, गोहलपुरात तिच्या भावाचा शिलाईचा कारखाना. त्यानं दारात सोडलं आणि तो निघून गेला. हर्षानं समोर ताटं मांडली, पायलला आत पाठवलं, आणि कलावती भिंतीला हात लावत, लहान लहान पावलं टाकत बाहेर येत होती तेव्हाच म्हणून टाकलं, “आईंना ना, सर्दी झाली आहे दोन दिवसांपासून.”

“सर्दी नाही,” कलावती म्हणाली. “जय भीम, बेबीताई.”

“जय भीम.” बेबीताईनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. “मी सरळ बोलतो, आजी. फोनवर अशा गोष्टी होत नाहीत. पोरगा पसंत नाही काय तुम्हाले?”

“पसंत आहे. मी हसून राहिली होती.”

“कधी?”

“साक्षगंधात. सगळा वेळ.”

बेबीताईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. शाळेच्या फाटकातून पाहतात तसं. कलावतीनं पाहू दिलं. “दिसत नाही ते,” ती म्हणाली. “मले कंपवात आहे. हात तर हालतेच, तोंड हालत नाही. आत सगळं होते. बाहेर निघत नाही.”

हर्षाच्या हातातली जलेबीची ताटली तिथंच थांबली. “आई,” ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात सगळं पॉलिश होतं आणि त्याखालची घाबरलेली बाईही होती. कलावतीला पहिल्यांदाच त्याखालचा धातू दिसला, आणि तो वाईट नव्हता.

“हे लपवलं काहून?” बेबीताईनं विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

“लग्न मोडन म्हणून.”

“अन् आत्ता सांगून राहिल्या ते?”

“न सांगता बी मोडूनच राहिलं होतं. मोडायचंच असन तर माझ्या बिमारीनं मोडा. माझ्या तोंडानं नको.”

बेबीताईनं पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला. मग तिनं तोच प्रश्न विचारला जो विचारणारच होती. पोरीत येते काय. कलावतीनं डॉक्टरांचं उत्तर जसंच्या तसं दिलं, शेवटच्या वाक्यासकट. हर्षानं डोळे मिटून घेतले. बेबीताईनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते त्या मानेवरून कळत नव्हतं. ज्यांचे चेहरे हलतात तीही माणसं कुठं फार कळतात, असं कलावतीच्या मनात आलं, आणि तेवढ्यात मानेत तो ताठरपणा चढायला लागला. जिन्यावर पाऊल वाजलं. आत जावं. उठावं, भिंत धरावी, पलंगावर पडावं, दार ओढून घ्यावं. पाय त्या दिशेला वळलेही.

“बेबीताई,” ती म्हणाली, “आत्ता मले भेव लागून राहिलं. तुमचं नाही. गोळी उतरून राहिली, तिचं आहे. हर्षा, डबा आण बेटा. इथंच आण.”

ताटली ठेवून हर्षा आत गेली. मग तिनं बिस्किटांचा डबा आणून पाहुणीच्या ताटाशेजारी ठेवला आणि झाकण स्वतःच उघडलं. कलावतीनं पाण्याबरोबर गोळी घेतली. पेला हालला, पाणी पातळावर सांडलं, तिनं पुसलं नाही. “लागायले थोडा वेळ लागते,” ती म्हणाली. “तोवर मले इथून पळून जाऊ वाटन. मी जात नाही. तुम्ही बसता काय?”

बेबीताईनं मांडीवरची पर्स उचलली. ती निघालीच असं वाटून हर्षा पुढं झाली. पर्स खाली, खुर्चीच्या पायाशी ठेवून बेबीताईनं खुर्चीच पुढं ओढली, कलावतीच्या गुडघ्यांजवळ.

“मंग मी काय बोलू, तेवढं सांगा.”

“काहीही बोला. लग्नाचं बोलायचं असन तर तेही बोला.”

बेबीताईनं कापणाऱ्या त्या हाताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, जिला धरत धरत म्हातारी बाहेर आली होती. “हॉल पाहून ठेवला होता आम्ही,” ती सावकाश म्हणाली, “पण तो वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही त्याले.” आणि थोडं थांबून, “दुसरा पाहावा लागन.”

आतून पायलचा हुंदका ऐकू आला. जिन्यावरचं पाऊल अजून वाजतच होतं. कलावतीनं दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर दाबून धरले.

“लागली काय गोळी?” बेबीताईनं विचारलं.

“नाही अजून,” कलावती म्हणाली. “तुम्ही बोलत राहा.”